जुना अमेरिकन पॉकेट नाइफ कसा पारखावा

जुना अमेरिकन पॉकेट नाइफ हातात आला की नवखा खरेदीदार पहिल्यांदा पाते उघडून बुडाशी ठोकलेले कंपनीचे नाव वाचतो आणि बऱ्याचदा त्या नावावरच किंमत ठरवून मोकळा होतो. नाव महत्त्वाचे असते, यात शंका नाही. पण ते पात्यावर असते आणि पाते बदलता येते. साध्या चाकूवर नामांकित कंपनीचा शिक्का नव्याने उठवणारेही बाजारात आहेत. म्हणून या लेखात शिक्का मुद्दामच मध्यावर ठेवला आहे. आधी चाकूची बांधणी आणि पात्यांची झीज पाहावी, मग शिक्का वाचावा आणि शेवटी मूठ, खिळे आणि मुठीच्या टोकांचे धातूचे बोल्स्टर यांची त्या शिक्क्याशी संगती लागते का, हे तपासावे. यांपैकी एकाची साक्ष जरी वेगळी निघाली, तरी व्यवहार थांबवून पुन्हा पाहणे शहाणपणाचे असते.

संग्राहक ज्यांना जुने चाकू म्हणतात, ते मुख्यतः १८७० ते १९७० या काळातले. न्यूयॉर्क राज्यातील वॉल्डन, एलनव्हिल, लिटल व्हॅली आणि कॅमिलस, पेनसिल्व्हेनियातील ब्रॅडफर्ड आणि टायटसव्हिल, तसेच कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स आणि ऱ्होड आयलंड ही राज्ये या धंद्याची ठाणी होती. वॉल्डनचा पाया इंग्लंडमधील शेफील्डहून आलेल्या कारागिरांनी घातला. त्यामुळे अमेरिकन चाकूंच्या घडणीवर शेफील्डची छाप दीर्घकाळ राहिली. न्यू जर्सी किंवा पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या मराठी वाचकांना शनिवार-रविवारच्या फ्ली मार्केटमध्ये आणि घरसामानाच्या विक्रीत हे चाकू आजही सापडतात.

तपासणीसाठी फार सामग्री लागत नाही. दहापट मोठे दाखवणारे भिंग, इंचांची बारीक मोजपट्टी, लहान टॉर्च, मऊ सुती कापड आणि शिलाई मशीनचे पातळ तेल एवढे पुरते.

बंद चाकू

सुरुवातीला पाते उघडूच नये. चाकू बंद ठेवून पाठीकडून उजेडासमोर धरावा. पाठीची स्प्रिंग आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या पितळी किंवा लोखंडी पत्र्या, ज्यांना लायनर म्हणतात, यांच्यामधून उजेडाची रेघ दिसता कामा नये. चांगल्या कारखान्यातील चाकूत हे तिन्ही थर इतके चिकटून असतात की ते वेगळे आहेत, हे धातूच्या रंगावरूनच कळते. चिरेत गंज फुगल्यामुळे थर सुटलेले असतील, तर ते दुरुस्त करण्यासाठी चाकू पूर्ण उलगडावा लागतो आणि असा उलगडलेला चाकू मूळ राहत नाही.

त्यानंतर दोन्ही टोकांचे धातूचे बोल्स्टर पाहावेत. उत्तम प्रतीच्या चाकूंवर ते बहुधा जर्मन सिल्व्हरचे असतात. हा तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू असून त्यात चांदी मुळीच नसते. जुन्या किंवा स्वस्त चाकूंवर बोल्स्टर लोखंडाचे असतात. काही फार जुन्या चाकूंत लोखंडी लायनर आणि बोल्स्टर एकाच तुकड्यातून घडवलेले दिसतात. बोल्स्टर आणि मूठ यांच्या सांध्यावरून नख फिरवावे. नख अडकले, तर मुठीची पट्टी आकसली आहे, बदलली आहे किंवा मुळातच घाईने बसवली आहे.

या टप्प्यावरच एक मोठा वर्ग बाजूला काढता येतो. ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्सच्या इम्पीरियल कंपनीने पातळ पत्र्याच्या साच्यावर सेल्युलॉइड चढवलेल्या मुठींचे असंख्य स्वस्त चाकू काढले. त्यांचे वजन कमी असते, बोल्स्टर भरीव नसून पत्र्याचेच असतात आणि मुठीची कड आत दुमडलेली दिसते. हे चाकू वाईट होते असे नाही. ते शाळकरी मुलांच्या आणि कामगारांच्या खिशाला परवडावेत म्हणून बनवले होते. मात्र दिखाऊ नाव असले, तरी त्यांना भरीव बांधणीच्या चाकूची किंमत देऊ नये.

बंद चाकूची लांबी याच वेळी मोजून घ्यावी. अमेरिकन कंपन्यांची मापे नेहमी बंद चाकूची असतात. ब्रॅडफर्डच्या केस (Case) कंपनीचा ट्रॅपर नावाचा नमुना बंद स्थितीत ४ १/८ इंच, तर पीनट हा लहान नमुना २ ७/८ इंच भरतो. माप जुळले नाही, तर विक्रेत्याने नमुन्याचे नाव चुकीचे सांगितले आहे किंवा चाकूत फेरफार झाला आहे.

उघडणे आणि मिटणे

पाते सावकाश, नखाच्या खाचेत नख घालून उघडावे. घट्ट असेल, तर सांध्यात तेलाचा थेंब सोडून थोडा वेळ थांबावे. पक्कड वापरू नये, कारण तिचे दात पात्यावर कायमचे उमटतात. अमेरिकन संग्राहक या परीक्षेला ‘वॉक अँड टॉक’ म्हणतात. ‘वॉक’ म्हणजे पात्याची स्प्रिंगवरून एकसारखी, न अडखळणारी चाल आणि ‘टॉक’ म्हणजे शेवटी येणारा खणखणीत ‘टक’. पाते शेवटच्या टप्प्यात स्प्रिंगच्या जोराने स्वतःहून बसले पाहिजे. ते सुस्तपणे कसेबसे मिटत असेल, तर स्प्रिंग थकली आहे किंवा सांध्यात घाण साचली आहे. यातला फरक तेलाने साफ केल्यावर लगेच कळतो.

पाते उघडे, मिटलेले आणि अर्धे अशा तिन्ही स्थितींत पाठीच्या स्प्रिंगवरून अंगठा फिरवावा. उत्तम घडणीत स्प्रिंग तिन्ही वेळा लायनरच्या पातळीत असते. उघडल्यावर थोडी वर आणि मिटल्यावर थोडी खाली राहणारी स्प्रिंग चांगल्या कंपन्यांच्या चाकूंतही आढळते. तो दर्जातील थोडा उणेपणा आहे, बनावटीची खूण नाही. अर्ध्यावर पाते थांबणे हे पात्याचे बूड चौकोनी घडवले असेल, तरच घडते. गोलसर बुडाचे पाते न थांबताच फिरते, म्हणून त्याला दोष देऊ नये.

शेवटी उघडे पाते दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवून पाहावे. किंचित हालचाल जुन्या चाकूत क्षम्य असते. वर-खाली हालचाल होत असेल, तर तो गंभीर दोष आहे, कारण तेव्हा स्प्रिंग किंवा बूड झिजलेले असते.

पात्याची झीज

किंमत सर्वांत जास्त बदलते ती येथे, आणि सर्वांत कमी लोक पाहतात तेही येथेच. पन्नास वर्षे सहाणेवर घासलेले पाते चकचकीत आणि धारदार असू शकते. ते अरुंद झाले आहे, हे मूळ आकार माहीत असल्याशिवाय लक्षात येत नाही. त्या कंपनीच्या जुन्या कॅटलॉगमधील चित्र शेजारी ठेवून तुलना करणे हा सर्वोत्तम उपाय. चित्र नसले, तरी पाते स्वतः काही खुणा देते.

पहिली खूण बुडाजवळ असते. धार सुरू होण्यापूर्वीचा भाग घासला जात नाही, म्हणून झिजलेल्या पात्यावर तेथे पायरी तयार होते. बुडाची रुंदी आणि पात्याच्या मध्याची रुंदी यांत अचानक फरक दिसला, तर तेवढे पोलाद गेले असे समजावे. दुसरी खूण धारेच्या रेषेची. सरळ किंवा किंचित फुगीर असायला हवी होती, ती रेषा आत वळलेली असेल, तर पाते घाईने आणि एकाच जागी घासले गेले आहे. तिसरी खूण टोकाची. झिजलेल्या किंवा मोडून पुन्हा घडवलेल्या पात्याचे टोक चाकू मिटल्यावर लायनरच्या वर डोकावू लागते आणि कपडे किंवा बोट ओरबाडते. ते आत घालवण्यासाठी पात्याच्या बुडाखालचा लहान उंचवटा, ज्याला किक म्हणतात, कानशीने कमी केला जातो. म्हणून किकवर ताज्या, तिरक्या, चमकदार रेघा दिसल्या, की टोकाकडे पुन्हा नीट पाहावे.

अनेक पात्यांच्या चाकूत त्यांची आपसांत तुलना करता येते. स्टॉकमन नमुन्यात साधारणपणे तीन पाती असतात: मोठे क्लिप, सरळ धारेचे शीप्सफूट आणि बोथट टोकाचे स्पे. मोठे पाते झिजलेले आणि लहान दोन जवळपास कोरी, हे नैसर्गिक आहे, कारण मालक रोज मोठेच वापरत असे. याउलट मोठे पाते नवे कोरे आणि लहान पाती झिजलेली असतील, तर मोठे पाते बदलल्याची शंका घ्यावी.

जुन्या कार्बन पोलादावर वापराने निळसर करडी झाक येते. ती गंज नव्हे, उलट पुढील गंजाला काही प्रमाणात अडवते. ती घासून काढू नये. लाल, खरखरीत गंज आणि त्याने पडलेले खड्डे मात्र नुकसानच. कारखान्यातून आलेले मूळ पॉलिश शाबूत असेल, तर भिंगातून घासणीच्या बारीक रेघा एकाच दिशेने जाताना दिसतात. बफिंगच्या चाकावर चमकवलेल्या पात्यावर त्या पुसल्या जातात, शिक्क्यातील अक्षरांच्या कडा गोलावतात आणि पात्यावरचे कोरीव कंगोरेही मऊ पडतात. माझ्या मते आरशासारखा बफ केलेला जुना चाकू हा करड्या पडलेल्या चाकूपेक्षा नेहमीच कमी दर्जाचा मानावा, विक्रेता काहीही म्हणो.

शिक्का वाचताना

केस कंपनीचे चाकू शिकण्यासाठी सर्वांत सोयीचे, कारण त्यांच्या शिक्क्यांचा क्रम चांगला नोंदलेला आहे. ‘केस टेस्टेड एक्सएक्स’ हा शिक्का सुमारे १९२० ते १९४० मधला. ‘केस एक्सएक्स’ १९४० ते १९६४ मधला. १९६५ ते १९६९ या काळात त्याखाली ‘यू.एस.ए.’ जोडले गेले. १९७० पासून कंपनीने खाली दहा ठिपके ठोकायला सुरुवात केली आणि दर वर्षी एक ठिपका कमी केला. त्यामुळे १९७० च्या दशकातील चाकूसाठी १९८० मधून ठिपक्यांची संख्या वजा केली, की वर्ष मिळते: सात ठिपके म्हणजे १९७३. १९८० मध्ये पुन्हा दहा ठिपक्यांपासून सुरुवात झाली, पण या वेळी कंपनीच्या इंग्रजी नावातील ‘एस’ हे अक्षर विजेसारखे तिरके आणि टोकदार आहे. ते पाहिल्याशिवाय ठिपके मोजून उपयोग नाही, कारण दहा वर्षांची गफलत होते. बदलाच्या वर्षांत जुनी शिल्लक पातीही वापरली गेली, म्हणून एकाच चाकूत दोन लगतच्या काळांचे शिक्के असणे शक्य आहे. लगतच्या नसलेल्या काळांचे शिक्के मात्र एकत्र आले, तर पाते बदलले असल्याची शक्यता मोठी.

याच कंपनीचा नमुना क्रमांकही वाचता येतो. पहिला आकडा मुठीचे साहित्य सांगतो, दुसरा पात्यांची संख्या आणि उरलेले आकडे नमुना. ६२५४ म्हणजे हाडाची मूठ, दोन पाती, ५४ हा ट्रॅपर नमुना. ५२५४ वर मूठ शिंगाची असायला हवी आणि ३२५४ वर पिवळ्या कृत्रिम साहित्याची. ५ ने सुरू होणाऱ्या क्रमांकावर हाडाची मूठ दिसली, तर काहीतरी बदलले आहे. ६ च्या बाबतीत थोडी सवलत द्यावी लागते, कारण हाडाऐवजी वापरलेल्या काळ्या खडबडीत कृत्रिम साहित्यावर आणि पुढे डेलरिन या प्लास्टिकवरही कंपनीने हाच आकडा ठेवला होता.

रेमिंग्टनने पहिल्या महायुद्धानंतर कनेक्टिकटमधील ब्रिजपोर्ट येथे चाकू बनवायला सुरुवात केली आणि १९४० मध्ये हा विभाग पाल ब्लेड कंपनीला विकला. त्यांच्या क्रमांकाची सुरुवात ‘आर’ने होते आणि शेवटचा आकडा मूठ सांगतो: ३ म्हणजे हाड, ६ म्हणजे शिंग, ४ म्हणजे शिंपला. मुठीवर काडतुसाच्या आकाराची ढाल (मुठीत बसवलेला धातूचा छोटा तुकडा) असलेले ‘बुलेट’ नमुने सर्वाधिक मागणीचे असतात आणि त्यांतही आर११२३ हा मोठा ट्रॅपर प्रसिद्ध आहे. याच क्रमांकाची नवी आवृत्ती १९८२ पासून बाजारात आली. म्हणून चकचकीत आर११२३ स्वस्तात मिळत असेल, तर आधी वर्ष शोधावे.

विंचेस्टरच्या चाकूंबाबत तर दुप्पट सावध राहावे. १९१९ मध्ये या कंपनीने ईगल आणि नॅपानॉक हे दोन कारखाने विकत घेऊन धंद्यात प्रवेश केला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास उत्पादन थांबवले. नावाला मोठी मागणी असल्याने खोटे शिक्केही याच नावाचे अधिक. त्यांच्या चार आकडी क्रमांकातील पहिला आकडा पात्यांची संख्या सांगतो. क्रमांक ३ ने सुरू होतो आणि पाती दोनच, असे दिसले, तर पुढे बघण्याची गरज उरत नाही.

नाव एक आणि चाकू दुसरा, अशीही उदाहरणे आहेत. वॉल्डनच्या न्यूयॉर्क नाइफ कंपनीचे हातोड्याचे चिन्ह, म्हणजे ‘हॅमर ब्रँड’, हे एके काळी उत्कृष्ट कारागिरीची हमी होते. कंपनी १९३१ मध्ये बंद झाली. पुढे इम्पीरियलने ते चिन्ह मिळवून आपल्या पत्र्याच्या मुठींच्या स्वस्त चाकूंवर वापरले. श्रेडचेही तसेच. १९०४ मध्ये वॉल्डन येथे सुरू झालेल्या या कंपनीच्या चाकूंवर १९४६ नंतर ‘श्रेड-वॉल्डन’ असा शिक्का येऊ लागला. तिचा पुढच्या काळातला एलनव्हिलचा कारखाना २००४ मध्ये बंद पडला आणि त्यानंतर तेच नाव चीनमध्ये बनलेल्या चाकूंवर येऊ लागले.

देशाच्या नावाचाही विचार करावा. १८९० च्या मॅकिन्ले कायद्यामुळे १८९१ पासून अमेरिकेत आयात होणाऱ्या मालावर उगमदेशाचे नाव लिहिणे बंधनकारक झाले. त्यामुळे ‘जर्मनी’ असे लिहिलेला चाकू १८९१ पूर्वीचा असण्याची शक्यता फार कमी. पण ज्यावर देशाचे नावच नाही, तो अमेरिकनच, असा निष्कर्ष काढू नये. अमेरिकेतील अनेक घाऊक व्यापारी जर्मनीतील सोलिंगेनहून चाकू बनवून घेऊन त्यांवर स्वतःचे नाव ठोकत असत.

खोटा शिक्का ओळखताना अक्षरांच्या तळाकडे पाहावे. पात्याच्या इतर भागावर जुनी करडी झाक असताना अक्षरांचा तळ मात्र ताजा चमकत असेल, कडा खरखरीत असतील किंवा बूड एका बाजूने पातळ घासलेले असेल, तर जुना शिक्का काढून नवा उठवला असल्याची शंका घ्यावी.

मूठ

हाडाच्या मुठी गुरांच्या नळीच्या हाडाच्या असतात आणि त्यांवर यंत्राने खाचा पाडून रंग दिलेला असतो. भिंगातून खऱ्या हाडात बारीक काळसर ठिपके आणि रेषा दिसतात. त्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या आहेत. डेलरिनमध्ये त्या कधीच नसतात आणि दोन्ही बाजूंच्या खाचा तंतोतंत सारख्या असतात. डेलरिन साधारणपणे १९६० नंतर आले, म्हणून ‘केस टेस्टेड’ पात्याच्या चाकूवर डेलरिनची मूठ असणे शक्यच नाही. जुन्या केस चाकूंवरील हिरवट रंगाचे हाड विशेष महाग जाते. त्यामुळे नव्या हाडाला हिरवा रंग देऊन ते विकले जाते. खरा जुना रंग खाचांत गडद आणि उंचवट्यांवर हातांच्या स्पर्शाने फिकट पडलेला असतो. सगळीकडे सारखा रंग असेल, तर संशय घ्यावा.

शिंगाच्या मुठींचा भारताशी थेट संबंध आहे. उत्तम प्रतीचे शिंग बहुधा भारतीय सांबराचे असे. मेळघाट किंवा ताडोब्यात दिसणारा हाच तो प्राणी. भारताने १९९० च्या दशकाच्या अखेरीस या शिंगांच्या निर्यातीवर बंदी घातली, त्यानंतर जुन्या साठ्याची किंमत वाढत गेली. खऱ्या शिंगाच्या दोन पट्ट्या कधीच सारख्या नसतात. साच्यातून काढलेल्या नकलेत तीच गाठ आणि तीच रेघ दुसऱ्या बाजूलाही सापडते. भारतात परतणाऱ्यांनी असा चाकू आणण्यापूर्वी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या तरतुदी तपासून घ्याव्यात.

सेल्युलॉइडच्या मुठी रंगीबेरंगी आणि देखण्या असतात, पण धोकादायकही. अंगठ्याने जोरात घासल्यावर कापराचा वास आला, तर ते सेल्युलॉइड. आंबट, झोंबणारा वास आला, पितळेवर हिरवा थर आणि मुठीशेजारच्या पात्यावर गंज दिसला, तर ते कुजू लागले आहे. त्यातून निघणारी आम्ले शेजारच्या इतर चाकूंनाही खातात. काही जुन्या सल्ल्यांत गरम सुई टोचून साहित्य ओळखायला सांगितले जाते. ते अजिबात करू नये, सेल्युलॉइड भडकून पेटते.

मुठीवरील धातूची ढाल खिळ्यांनी बसवली आहे की डिंकाने चिकटवली, हेही पाहावे. जुन्या, चांगल्या चाकूंवर ती खिळ्यांची असते. चिरा बहुधा खिळ्यापासून कडेकडे जातात, म्हणून प्रत्येक खिळ्याभोवती भिंग फिरवावे.

उलगडून पुन्हा जोडलेला चाकू

बोल्स्टरमधून जाणारा सांध्याचा खिळा कारखान्यात ठोकून, घासून असा सपाट केला जात असे की तो दिसूच नये. काळाने त्याचे फिकट वर्तुळ दिसू लागणे स्वाभाविक आहे. पण वर्तुळाभोवती हातोडीचे ठोके, धातूच्या रंगात फरक किंवा बोल्स्टरचा एक भाग सपाट झालेला दिसला, तर चाकू उघडून पाते बदलले आहे. आतल्या पितळेवर ताजी चमक आणि पात्यावर जुनी झाक, हाही तसाच विरोध.

प्रत ठरवणे

अमेरिकन संग्राहकांत रूढ असलेल्या श्रेणी येथे उपयोगी पडतात. ‘मिंट’ म्हणजे कारखान्यातून आला तसा, न वापरलेला, न घासलेला. ‘निअर मिंट’मध्ये हाताळणीच्या किरकोळ खुणा चालतात. ‘एक्सलंट’मध्ये पात्यांची झीज १० टक्क्यांहून जास्त नसावी आणि मूठ अखंड असावी. ‘व्हेरी गुड’मध्ये झीज सुमारे २५ टक्के, मुठीला बारीक चीर चालते, पण पाते बदललेले नसावे आणि शिक्का वाचता यावा. ‘फेअर’ म्हणजे अर्धे पाते गेलेले, मूठ तडकलेली किंवा स्प्रिंग सुस्त. त्याखाली ‘पुअर’, जो सुट्या भागांसाठीच घ्यावा.

इंटरनेटवर विक्रेते ‘मिंट’ हा शब्द सढळ हाताने वापरतात. म्हणून फोटो मागताना बंद चाकूची पाठ, प्रत्येक पात्याचे बूड दोन्ही बाजूंनी आणि बोल्स्टर जवळून, एवढे नक्की मागावेत. किंमत ठरवताना मागितलेला भाव न पाहता, तसेच चाकू प्रत्यक्षात कोणत्या भावाने विकले गेले, ते पाहावे.

ठेवण

घेतलेला चाकू कापडाने पुसून सांध्यात तेलाचा एक थेंब आणि पात्यावर तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. फळे कापण्यासाठी वापरायचा असेल, तर खाण्यायोग्य खनिज तेल घ्यावे. चामड्याच्या म्यानात किंवा पाकिटात ठेवू नये, चामडे ओलावा धरून ठेवते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कार्बन पोलाद काही दिवसांतच लाल पडते, म्हणून सिलिका जेलची पुडी घालून बंद डब्यात ठेवावे आणि महिन्यातून एकदा उघडून पाहावे. सेल्युलॉइडचे चाकू मात्र बंद डब्यात नकोत. ते इतरांपासून लांब आणि हवेशीर जागी ठेवावेत. विमानप्रवासात कोणताही चाकू हातातल्या बॅगेत चालत नाही, तो तपासणी करून सोपवलेल्या सामानातच टाकावा. बटण दाबून उघडणाऱ्या चाकूंच्या आंतरराज्य व्यापारावर अमेरिकेत १९५८ पासून संघीय कायद्याचे निर्बंध आहेत आणि ते बाळगण्याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत, म्हणून श्रेडचा जुना बटणाचा चाकू दिसला, तर भाव करण्याआधी आपल्या राज्याचा नियम पाहून घ्यावा.